तुळईच्या टोकावरची सरळ रेषा

नागपूरकर भोसल्यांच्या टांकसाळीत रुपया हातोड्याने पडत असे. चांदीचा तोललेला तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा त्यावर धरायचा आणि घण घालायचा. अक्षरे मोगल बादशहाच्या नावाची, पण ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे नाव बहुधा अर्धेच उमटे. कडा वेड्यावाकड्या, त्या कातरून चांदी चोरणे सोपे. पहिल्या रघूजी भोसल्यांनी रामटेकच्या गडावरच्या देवस्थानाला पुन्हा वैभव आणले. तिथे कार्तिकातल्या जत्रेत रामाच्या पायाशी पडणारा रुपया या घडणीचा होता. बाजारात तो वटवताना सराफ त्याला उलटून, वाजवून, तोलून पाही आणि मग बट्टा सांगे.

पुढे मुंबईत एक वेगळा रुपया तयार होऊ लागला. किल्ल्यात टाउन हॉलच्या शेजारी बॉम्बे इंजिनियर्सच्या मेजर जॉन हॉकिन्स यांनी आखलेली टांकसाळीची इमारत १८२९ मध्ये पुरी झाली. दर्शनी भागाला आयोनिक घाटाचे खांब, पुढे पाण्याचा तलाव आणि आत वाफेची इंजिने. यंत्रसामग्री बर्मिंगहॅमजवळच्या सोहोची, म्हणजे बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्याची. चांदीची पट्टी लाटणे, त्यातून चकत्या कापणे, ठसा उमटवणे, सगळी कामे वाफेच्या जोरावर. १८३५ पासून कंपनीने साऱ्या मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया ठरवला. तो गोल होता, त्याच्या कडेला बारीक खाचा होत्या आणि एक रुपया दुसऱ्यासारखाच दिसत होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर विदर्भातही कंपनीच्याच रुपयाची सत्ता आली.

महाराष्ट्रातल्या वाफेच्या इतिहासाची सुरुवात आपण सहसा १६ एप्रिल १८५३ पासून, बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीपासून करतो. ती तारीख मोठीच आहे. पण त्याआधी जवळजवळ पाव शतक मुंबईच्या टांकसाळीत आणि गोदीत वाफ राबत होती आणि तिचे रूप आगगाडीच्या इंजिनापेक्षा अगदी निराळे होते. ते तुळईचे इंजिन. या इंजिनाच्या पोटात एक प्रश्न दडलेला होता. तो ज्याने सोडवला त्याला आयुष्यभर सर्वांत जास्त अभिमान त्याच उत्तराचा वाटला.

तुळईच्या इंजिनाची कल्पना जुनी. १७१२ मध्ये टॉमस न्यूकोमेनने इंग्लंडात डडलीजवळ कोळशाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठी ते उभे केले. मधोमध आसावर तोललेली एक मोठी लाकडी तुळई. तिच्या एका टोकाला खाणीत उतरलेला पंपाचा दांडा, दुसऱ्या टोकाखाली उभे सिलिंडर आणि त्यात वर-खाली होणारा दट्ट्या. सिलिंडरात वाफ भरायची, थंड पाणी मारून ती निववायची, आत पोकळी झाली की बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. तुळईचे हे टोक खाली येते, ते टोक वर जाते, पाणी चढते. मग पंपाकडच्या वजनाने सगळे पुन्हा पहिल्या जागी येते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दट्ट्या तुळईला फक्त खाली ओढत होता, वर कधीच ढकलत नव्हता. ओढण्यासाठी साखळी पुरते. तुळईच्या टोकाला धनुष्याकृती लाकडी कमान बसवलेली असे, साखळी त्या कमानीवरून उतरे आणि तुळई कितीही झुकली तरी साखळी सरळ ओळंब्यातच लटकत राही. प्रश्न उद्भवतच नव्हता.

तो उभा केला जेम्स वॅटने, स्वतःच्याच सुधारणांमुळे. १७६९ च्या पेटंटाने त्याने वाफ निववण्यासाठी वेगळे भांडे जोडले आणि कोळशाची प्रचंड बचत केली. १७७५ मध्ये मॅथ्यू बोल्टनशी त्याची भागीदारी झाली. बोल्टनला व्यवहार कळत होता: खाणी थोड्याच असतात, गिरण्या मात्र गावोगाव उघडणार आणि गिरणीला वर-खाली होणारा दांडा नको, फिरते चाक हवे. सरळ उपाय क्रँकचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याचा. पण इंजिनावर तो वापरण्याचा हक्क १७८० मध्ये जेम्स पिकार्डने पेटंटाने अडवला होता. म्हणून १७८१ मध्ये वॅटने एका दातेरी चाकाभोवती दुसरे चाक फिरवणारी सूर्य आणि ग्रहाची जोडणी काढली. चाक फिरू लागले, पण गचके देत, कारण जोर एकाच बाजूच्या धावेत मिळे. १७८२ मध्ये त्यावरही तोड निघाली. वाफ दट्ट्याच्या खालून आणि वरून आळीपाळीने सोडायची, म्हणजे दोन्ही धावांत जोर.

आणि इथे साखळी निकामी झाली. साखळीने ओढता येते, ढकलता येत नाही.

मग दट्ट्याचा दांडा तुळईला थेट खिळीने जोडावा, तर तुळईचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते आणि दांड्याला मात्र सरळच धावले पाहिजे. तो सिलिंडरच्या झाकणातल्या घट्ट भोकातून जातो. टोकाने त्याला धावेच्या दोन्ही शेवटांना आडवे खेचले, तर भरणी झिजते, वाफ सुटते, दांडा वाकतो. वॅटने आधी दांड्याला दाते पाडून तुळईच्या दातेरी कमानीशी ते जुळवून पाहिले. ते खडखडत असे आणि धावेची दिशा बदलताना आदळत असे.

आजच्या वाचकाला वाटेल, दांड्याच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या उभ्या कराव्यात आणि त्यांच्यामधून तो सरकू द्यावा. पुढे आगगाडीच्या इंजिनात तेच झाले. पण १७८४ मध्ये लोखंडाची लांब, सपाट, सरळ पट्टी बनवणे हेच महाकठीण होते. गोल भोक कोरता येत होते. जॉन विल्किन्सनच्या यंत्राने ५० इंच व्यासाचे सिलिंडर असे कोरले होते, की त्यातली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही नव्हती, अशी ग्वाही बोल्टनने दिली होती. सपाट पृष्ठभाग मात्र छिन्नी आणि कानशीने, हाताने घासूनच करावा लागे. धातू रंधणारी यंत्रे १८१७ च्या सुमाराला, रिचर्ड रॉबर्ट्स आणि त्याच्या समकालीनांच्या हातून आली. म्हणजे वॅटच्या काळात कारागिराला वर्तुळ बिनचूक जमत होते, रेषा जमत नव्हती. फिरणारा सांधा घडवणे सोपे, सरकणारा सांधा घडवणे अवघड. या एका वस्तुस्थितीतून पुढची सगळी युक्ती निघाली.

जून १७८४ च्या अखेरीस वॅटने बोल्टनला कळवले की आपल्याला एक नवे सावज दिसले आहे: फक्त सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांच्या मदतीने दट्ट्याचा दांडा जवळजवळ सरळ रेषेत चालवता येईल. त्याच वर्षीच्या पेटंटात ती युक्ती नोंदली गेली.

तिचे मर्म असे. समजा, १५ सेंटिमीटरची एक पट्टी डाव्या टोकाला खिळीने बसवली आहे आणि आडवी धरली आहे. ती २० अंश वर फिरवली तर तिचे मोकळे टोक सुमारे ५ सेंटिमीटर वर चढते, पण सरळ नव्हे. ते डावीकडे सुमारे ९ मिलिमीटर सरकते. आता तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी समोरून, उजव्या टोकाला खिळीने बसवली. तीही २० अंश वर फिरवली तर तिचे टोक तितकेच वर चढते आणि तितकेच उजवीकडे सरकते. ही दोन मोकळी टोके एका आखूड दुव्याने जोडली. दुव्याचे एक टोक डावीकडे ओढले जाते, दुसरे उजवीकडे. मग त्याच्या मधल्या बिंदूने कुठे जायचे? तो कुठेच ढळत नाही, सरळ वर चढतो. दोन कमानींच्या दोन विरुद्ध चुका त्या बिंदूपाशी एकमेकींना खाऊन टाकतात.

पट्ट्या फार फिरवल्या तर तो बिंदू वळतो आणि त्याचा पुरा मार्ग लांबट आठाच्या आकड्यासारखा निघतो. पण त्या आठाचा मधला भाग इतका सरळ असतो, की दट्ट्याच्या धावेपुरता तो बिनघोर वापरता येतो.

तुळईच्या इंजिनात पहिली पट्टी म्हणजे खुद्द तुळईचा अर्धा हात आणि दुसरी म्हणजे इंजिनघराच्या चौकटीला बांधलेला दांडा. पण हे सगळे तसेच मांडले तर तो दांडा तुळईच्या टोकापलीकडे बराच लांब जातो आणि इंजिनघर उगाच मोठे बांधावे लागते. वॅटने ही अडचण आणखी एका युक्तीने काढली. त्याने ती तीन पट्ट्यांची जोडणी तुळईच्या हाताच्या निम्म्यावर बसवली आणि तिथून तुळईच्या टोकापर्यंत दांड्यांचा एक समांतरभुज चौकोन जोडला. नकाशा मोठा करून काढायच्या उपकरणात जे होते तेच इथे होते: आतला बिंदू जी रेषा काढतो तीच रेषा चौकोनाचा बाहेरचा कोपरा दुप्पट मोठी करून काढतो. कोपऱ्याला दट्ट्याचा दांडा जोडला, आतल्या बिंदूला हवा उपसणाऱ्या पंपाचा. एकाच जोडणीत दोन सरळ रेषा मिळाल्या आणि दोन्ही कामाला लागल्या. म्हातारपणी, १८०८ मध्ये, मुलाला लिहिताना वॅटने म्हटले की कीर्तीची मला फार हाव नाही, पण माझ्या कुठल्याही यांत्रिक शोधापेक्षा मला या समांतर गतीचा अभिमान अधिक वाटतो. ज्याच्या नावावर वेगळे शीतक-भांडे आहे त्याने हे लिहावे, यातच या जोडणीचे मोल कळते.

तुळईच्या दुसऱ्या टोकाला काय घडते ते ओळखायला इंजिनघरात जायची गरज नाही. पायाने चालणारे शिवणयंत्र पाहिले की पुरे. पायाखालचा पट्टा मागेपुढे झुलतो, त्याला जोडलेला दांडा वर-खाली होतो आणि चाकाच्या क्रँकला धरून चाक फिरवतो. झुलणारा पट्टा म्हणजे तुळई. अगदी वरच्या आणि खालच्या टोकाला क्रँक अडण्याची भीती असते. तिथून जड चाकाची साठलेली गती त्याला पार नेते. म्हणूनच शिवणयंत्र सुरू करताना शिंपी चाकाला आधी हाताने झटका देतो. इंजिनाचे जडचाक याच कारणासाठी इतके भारी असे. पिकार्डचे पेटंट संपल्यावर सूर्य-ग्रहाची जोडणी मागे पडली आणि क्रँकच सर्वत्र आला. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात सोहोचे १७८८ मधले एक इंजिन उभे आहे. त्याच्यावर सूर्य-ग्रहाची चाकेही आहेत आणि समांतर गतीचे दांडेही. सोहोतली ४३ पॉलिशयंत्रे चालवत त्याने जवळजवळ ७० वर्षे काम केले.

मुंबईच्या गोदीत हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. जहाजात डोक्यावर झुलणारी जड तुळई ठेवली तर जहाज कलंडण्याची भीती. म्हणून आगबोटींच्या इंजिनात तुळई खाली आणून सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना, तळाजवळ बसवण्याचा प्रघात पडला. समांतर गतीची जोडणी तिथेही सोबत होतीच, फक्त उलटी मांडलेली. मुंबईच्या वाडिया घराण्याने बांधलेली ह्यू लिंडसे ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली. तिची प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने लंडनच्या मॉडस्लेच्या कारखान्याची. जागा साडेपाच दिवसांच्या कोळशाची आणि एडनपर्यंतचा प्रवासच अकरा दिवसांचा. मग जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. पाण्यात खूप खाली बसलेली ती बोट २२ एप्रिलला सुएझला पोचली. मुंबई आणि युरोप यांच्यातल्या टपालाचा रस्ता यामुळे खुला झाला.

याच घराण्यातला एक तरुण तेव्हा गोदीत काम शिकत होता. अर्देसर खरसेटजी वाडिया यांचा जन्म १८०८ चा. १४ व्या वर्षी ते गोदीत लागले. वाडियांचे पिढीजात कसब लाकडाचे: सागवान ओळखणे, फासळ्या घडवणे, शिडाचे जहाज उतरवणे. अर्देसरांचे मन मात्र वाफेकडे वळले. १८३३ च्या सुमारास त्यांनी एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन स्वतः घडवले आणि घरच्या विहिरीचे पाणी त्याने वर चढवले. त्याच सुमारास ६० टनांच्या ‘इंडस’ या बोटीत इंग्लंडहून मागवलेले १० अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी बसवले. १८३४ मध्ये माझगावच्या घरी आणि बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावले. ते पाहायला गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले होते. मुंबईत शिवणयंत्र आणि छायाचित्रण आणणाऱ्यांतही त्यांचे नाव घेतात.

विहिरीवरच्या त्या छोट्या इंजिनाचे मोल त्याच्या अश्वशक्तीने ठरवू नये. पंप चालवायला एक अश्वशक्ती फार नाही. मोटेवरची बैलजोडी तेवढे काम करते. पण इंजिन विकत घेणे आणि इंजिन घडवणे यांत मोठे अंतर आहे. घडवणाऱ्याला दट्ट्या सिलिंडरमध्ये कसा बसतो, दांडा कुठे अडतो, सांध्यात किती ढिलाई ठेवावी, हे सगळे बोटांनी कळलेले असावे लागते. विशीतल्या तरुणाने, जहाजाच्या लाकडावर वाढलेल्या हातांनी, धातूचा हा अभ्यास मुंबईत बसून केला. त्या काळच्या मराठी मुलखातल्या कुठल्याही लढाईइतके याला इतिहासात स्थान मिळायला हवे.

१८३९ मध्ये अर्देसर इंग्लंडला गेले. त्यांच्या प्रवासाची दैनंदिनी १८४० मध्ये छापून निघाली. २७ मे १८४१ रोजी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे नाव श्रीनिवास रामानुजन यांचे, १९१८ मधले. मध्ये ७७ वर्षे गेली. १८४१ मध्येच मुंबईच्या सरकारी आगबोट कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. युरोपीय इंजिनियर आता एका पारशी अभियंत्याच्या हाताखाली काम करू लागले. मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्रांत यावर नाराजी उमटली, पण नेमणूक टिकली आणि अर्देसरांनी १८५७ पर्यंत ते पद सांभाळले. मधल्या काळात त्यांनी १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट उतरवली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत झाले होते.

या वर्षांतच तुळईचे दिवस भरत आले. रंधणयंत्रांमुळे सपाट पट्ट्या स्वस्त झाल्या आणि दट्ट्याचा दांडा त्यांच्यातून थेट सरकू लागला. आगगाडीच्या इंजिनात झुलत्या तुळईला जागाच नव्हती. गिरण्यांतही आडवी इंजिने आली; ती कमी जागेत बसत आणि जलद फिरत. कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीची कंपनी १८५४ ची, तिच्या चात्या फिरू लागल्या १८५६ मध्ये. मुंबईच्या गिरणगावाचे ते पहिले पाऊल पडले तेव्हा वॅटच्या दांड्यांचा जोम उतरणीला लागला होता.

गणितज्ञांना मात्र तेव्हाच या दांड्यांचे वेड लागले. वॅटची रेषा जवळजवळ सरळ होती, अगदी सरळ नव्हती. नुसत्या फिरत्या सांध्यांनी पूर्ण सरळ रेषा काढता येते का? रशियाच्या चेबिशेव्हने वर्षानुवर्षे यावर काम केले आणि अचूक उत्तर मिळणार नाही असे त्याला वाटू लागले. १८६४ मध्ये फ्रेंच लष्करातला अधिकारी पोसेलिए याने सात दांड्यांची जोडणी मांडली. ती अचूक रेषा काढत होती. काही वर्षांनी रशियातल्या लिपकिननेही स्वतंत्रपणे तीच शोधली. १८७४ मध्ये सिल्व्हेस्टरने लंडनमध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखवले. विल्यम टॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, ती प्रतिकृती हातातून सोडायला तयार नव्हते; आयुष्यात इतकी सुंदर वस्तू पाहिली नाही असे ते म्हणाले.

आल्फ्रेड केंपने १८७६ च्या उन्हाळ्यात विज्ञानशिक्षकांपुढे याच विषयावर व्याख्यान दिले आणि १८७७ मध्ये त्याचे पुस्तक केले. त्याच १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. रेल्वे नागपूरला १८६७ मध्येच पोचली होती, कापूस भोवतालच्या शेतातला होता. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अर्देसर वाडिया लंडनजवळच्या रिचमंडमध्ये वारले.

रामटेकजवळ मोठ्या उद्योगाची चाहूल आणखी बावीस वर्षांनी लागली. १८९९ मध्ये गडाजवळच्या मनसरला मँगेनीजची खाण सुरू झाली. पुढे कांद्री आणि आसपासचा पट्टा खोदला गेला. पोलादातला प्राणवायू आणि गंधक काढून टाकायला मँगेनीज लागते आणि इथले खनिज परदेशच्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. न्यूकोमेनची तुळई लाकडी होती, वॅटच्या पुढच्या पिढीची बिडाची. बीड ताणात तडकते. रामटेकच्या मातीतले मँगेनीज ज्या धातूत मिसळले तो पोलाद होता आणि पोलादाच्या यंत्रयुगात झुलत्या तुळईचे काम उरले नव्हते.

रामटेकमध्येच १९८५ पासून कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकताना वॅट आणि पोसेलिए यांच्या जोडण्या आकृत्यांत येतात आणि परीक्षेपुरत्या पाठ होतात. आकृती मात्र हलत नाही. त्यासाठी एक फळी, दोन खिळे, तीन पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाचण्या आणि पेन्सिल पुरे. खिळ्यांमध्ये आडवे ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे, एक खिळा दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली ठोकावा. खिळ्यांवर १५-१५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या एकमेकींकडे आडव्या येतील अशा अडकवाव्यात आणि १० सेंटिमीटरच्या तिसऱ्या पट्टीने त्यांची टोके जोडावीत. तिच्या मध्यावर पेन्सिल धरून पट्ट्या वर-खाली फिरवल्या की कागदावर रेषा उमटते. पट्ट्या आणखी फिरवल्या तर ती वाकू लागते आणि कुठे वाकायला लागली हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.